चप्पल हुंगवा

सुदर्शनराव,

तुमची आई चालता चालता शुद्ध हरपून पडते म्हणे. म्हणून माझ्या भावाला फोन करून विचारायलात, प्रणिताला पेसमेकर कुठं बसवला?

मी तुमच्या घरी अशीच पडायचे, तेव्हा आई मला चप्पल हुंगवायच्या. लातुरात क्लासमध्ये पोरांना वीज शिकवणारे तुम्ही, ती चप्पल आणून द्यायचात. शेवटी “फिटवाली पोरगी गळ्यात मारली” म्हणत मला औशाला माहेरी सोडलंत.

फिट नव्हतीच. हृदय मधेच थांबायचं. पेसमेकर बसवल्यापासून एकदाही पडले न्हाई.

भावाला गप्प राहा म्हटलंय. हे पत्रही टाकणार न्हाई.

माझी जुनी चप्पल तुमच्या दाराशीच राहिलीय. आईला तीच हुंगवा.

प्रणिता