पैठणला कोणती गाडी न्यावी

२८ जानेवारी २०२४
पैठणच्या तात्यासाहेबांनी माझा फोटो पाहून निरोप धाडला, मुलाला घेऊन या. पुढच्या रविवारी मुलगी पाहायला जायचं. मी, आई आणि फकिरामामा. वडील नाहीत, म्हणून आमच्यात सुपारी मामानं फोडायची.
आतापर्यंतची सगळी स्थळं हुकली. कारण मला ठाऊक आहे: आमची जीप. शेणाचा वास येतो. शिसारी.
निर्धार: यंदा स्पोर्ट्स कार. बीड बायपासला मित्र सांडूच्या गॅरेजात दोन इंपोर्टेड गाड्या विकायला आल्यात. जपानी कूपे आणि अमेरिकन मसल कार. एकेक दिवस वापर म्हणाला.

३० जानेवारी
दोन्हींचा सखोल अभ्यास केला. जपानी: बुटकी, चपळ, इंजिन गुणी. अमेरिकन: लांबलचक बॉनेट, भसाडा आवाज, पेट्रोल ढोसते. एकीत अक्कल, दुसरीत नुसता माज. तात्यासाहेब रिटायर्ड मास्तर, अक्कलच बघणार. जपानी फायनल.
आईनं विचारलं, दारं दोनच का? अडाणी प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
हा रस्ता आहे की नांगरट? स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं, म्हणून ढोरकीनपर्यंत प्रत्येक ब्रेकरला मामाला खाली उतरवलं. मामा मागं. पैठणला त्याचे पाय आखडले, पुढची सीट सरकेना, फेटा छताला अडकला. शेवटी तात्यासाहेबांनी आणि दोन शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढलं. धोतर थोडक्यात वाचलं. मुलगी दारात हसली. गाडी आवडली असणार.
मामा पोह्यांना हात न लावता एसटीनं परत गेला. म्हणे, भाच्यानं मामाला डिक्कीत घालून आणलं. डिक्की नव्हतीच ती, बॅकसीट होती. खोटारडा माणूस.

७ फेब्रुवारी
आई म्हणते, मामाची माफी माग. चूक गाडीची, माफी मी का मागू? जपानात मामाचा मान हा प्रकारच नसावा. डिझाइनमध्येच घोळ.
३० तारखेचं मत रद्द. लग्नाच्या कामाला रुबाब लागतो. अमेरिकन फायनल.

११ फेब्रुवारी
स्टिअरिंग डावीकडं! ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसेना. उजवीकडून आई डोकं बाहेर काढून सांगायची, आता व्हय, आता नाय. बिडकीनला पेट्रोल संपलं. पैठणला आवाजानं शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. असली भित्री जनावरं पाळतात कशाला?
तात्यासाहेबांनी आईला हात जोडले. या वयात एवढी मोठी गाडी चालवता, लई कौतुक वाटलं म्हणे. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुलगी आईच्या केसांतली धूळ झटकत बसली.
निघताना तात्यासाहेब म्हणाले, पोरगं चांगलं हाय, पण मामाबिगर सुपारी फोडायची कशी? त्याला समजावून घेऊन या. मागासलेली माणसं. उबग आला.

१४ फेब्रुवारी
मामाकडं जायचं ठरवलं. कोणती गाडी न्यावी? जपानी बघून तो भडकेल. अमेरिकन त्याच्या गल्लीत वळणार नाही. विचार चालू. रविवारी नक्की.

१८ फेब्रुवारी
सांडू आता कोणतीच गाडी देत नाही. म्हणे बंपर बघ. हलकट. चालत मामाकडं जाणं मला शोभत नाही. पुढचा रविवार.

२५ फेब्रुवारी
मामा आपण होऊन पैठणला गेला! म्हणजे नरमला. मी ताठ राहिलो त्याचं हे फळ. सोबत त्याचा मुलगा बद्रीनाथ. दोघंही एसटीनं. काय इंप्रेशन पडणार, देव जाणे.

२६ फेब्रुवारी
सुपारी फुटली. बद्रीनाथची.
मी विचारलं नव्हतं, तरी आईनं सांगितलं. मुलीनं फोटो पाहूनच मला होकार दिला होता. त्या पहिल्या रविवारी तिच्या घरी ताटात सुपारी मांडून ठेवली होती. मामानं बसून ती फोडायची, एवढंच उरलं होतं.
जेवण गेलं नाही. रडू आलं. दोन्ही गाड्या भिकार.