चार बोटं भिंत आणि अकरावा मजला

मी, गोमतीबाई धनसिंग आडे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा सेंटरिंगचे सामान भाड्याने देणे, मूळ राहणार किन्हीराजाजवळचा तांडा, हल्ली मुक्काम वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे अक्षर माझे आणि चुकाही माझ्याच. डोके ठिकाणावर आहे. मला धाक घालून लिहून घेणारा अजून जन्माला यायचा आहे. येत्या सोमवारी अकोल्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाहीच, मला घाई आहे. परवा आमच्या जागेवरच्या इमारतीच्या सातव्या मजल्याचा स्लॅब भरला, अजून चार राहिलेत, आणि बिल्डरच्या माणसांना मी हे तोंडावर सांगून आले आहे की माझ्यासाठी थांबू नका.

कलम १. जागेविषयी. माझे यजमान कै. धनसिंग हे सेंटरिंग मिस्त्री. म्हणजे स्लॅबखाली प्लेटा आणि बल्ल्या लावणारे. स्लॅब पक्का झाला की ते सगळे काढून न्यायचे. आम्ही दिवाळीनंतर पुण्याला जायचो आणि पावसाच्या तोंडावर परत यायचो, अशी बावीस वर्षे. त्या कमाईतून सन १९९६ मध्ये वाशिमला बाभळीत जागा घेतली. लोक हसले, मिस्त्रीने पैसा काट्यात घातला म्हणाले. आज तिथे भर चौक आहे, आणि हसणारे त्याच चौकात गाडी लावायला जागा शोधतात. मला याचा फार आनंद होतो, तो मी लपवत नाही.

ती जागा आणि शेजारच्या उकंडराव काळबांडे यांच्या पिठाच्या गिरणीची जागा मिळून तिथे 'नभांगण' ही अकरा मजली इमारत होत आहे. खाली दोन मजले दुकाने, तिसऱ्यावर बँक आणि दवाखाने, त्यावर राहायचे फ्लॅट. अकरा मजले, वाशिमात! काँक्रीटचा पंप सुरू झाला की मला घरात बसवत नाही. रोज सकाळी खुर्ची घेऊन समोर बसते. जागेच्या बदल्यात मला तळमजल्यावरचा गाळा क्रमांक तीन आणि फ्लॅट क्रमांक ११०४ मिळणार आहे.

कलम २. तीनशे बारा लोखंडी प्लेटा, सर्व बल्ल्या, जॅक आणि पाने रुपाबाईला द्यावेत. माझ्याबरोबर तिने बावीस वर्षे डोक्यावर घमेले वाहिले. आता मोठ्या इमारतींना ॲल्युमिनियमच्या प्लेटा लागतात, आमच्या लोखंडी प्लेटांना कोणी विचारत नाही. पण मंगरूळपीर, कारंज्याकडे दुमजली घरे बांधणारे अजून भाड्याने नेतात. रुपाबाईने उधारीवर देऊ नये. तिचा स्वभाव मऊ आहे म्हणून लिहून ठेवते.

कलम ३. गाळा माझी मुलगी निता हिला. तिने तिथे शिलाईचे दुकान टाकावे आणि काचेवर स्वतःचे नाव लिहावे, नवऱ्याचे नको. तांड्यातले घर मुलगा देवानंद याला. बँकेत असेल ते दोघांत निम्मे. माझी चांदीची कडी नितालाच, देवानंदने तोंड वाकडे करू नये.

कलम ४. फ्लॅट क्रमांक ११०४. हा देवानंदचा. पण तो मला रोज म्हणतो, "याडी, अकराव्या मजल्यावर राहाले कोन जाते? लाइट गेली तं? आता भाव हाय, इकून टाकू." मी त्याची आई आहे, त्याला ओळखते. माझे डोळे मिटले की तेराव्याच्या आत तो गिऱ्हाईक आणेल. म्हणून हा फ्लॅट त्याला एका अटीवर देत आहे, आणि अट का घातली ते आधी सांगते.

पुण्यात बावीस मजल्यांची एक इमारत आम्ही उचलली. शेवटचा हात फिरल्यावर आमच्या राहायच्या पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि आम्ही गावी आलो. पुढच्या वर्षी मी आणि रुपाबाई मुद्दाम ती पाहायला गेलो. लिफ्टने एकदा वर जाऊन यायचे, इतकेच मनात होते, कारण आम्ही प्रत्येक मजला जिन्यानेच चढलेलो. फाटकावर वॉचमन वही घेऊन बसलेला. त्याने विचारले, "कुणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर सांगा." मी म्हटले, चौथ्या मजल्याचा सगळा माल माझ्या डोक्यावरून गेला आहे. तो बिचारा भला होता, हसला, पण वहीत लिहायला नंबर लागतो म्हणाला. आमच्याकडे नंबर नव्हता. आम्ही रस्त्याच्या पलीकडून पाहिली आणि परत आलो.

आता माझ्याकडे नंबर आहे. तर अट अशी: लिफ्ट सुरू होईल त्या दिवशी, कोणत्याही मालकाच्या वास्तुशांतीआधी, रुपाबाई आणि 'नभांगण'वर घमेले वाहिलेली प्रत्येक बाई फाटकावरच्या वहीत '११०४' लिहून लिफ्टने वर जाईल. जिन्याने नाही. ११०४ च्या गॅलरीत सतरंजी टाकून त्यांना पुरी, बासुंदी आणि झणझणीत भाजी वाढावी. वाढायला देवानंदने स्वतः असावे. मी असले तर मी पहिल्या फेरीत जाईन. हे झाल्यावरच फ्लॅट त्याच्या नावावर चढेल. त्यानंतर गॅलरीत उभे राहून त्याने एकदा वाशिम पाहावे आणि मग विकायचा तर विकावा. माझी पैज आहे, तो विकणार नाही.

कलम ५. ही अट पाळून घेणारा माणूस. वकील फरहा मॅडम म्हणाल्या की, अट कागदावर राहते, कोणीतरी तिच्या मागे लागणारा पाहिजे. मी पुष्कळ विचार केला. नात्यातले सगळे देवानंदच्या गोड बोलण्यात येतात. न येणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याने माझ्याविरुद्ध सव्वीस वर्षे दावा चालवला आणि एकही तारीख चुकवली नाही. ताप असताना रिक्षातून आला. मुलीच्या हळदीच्या दिवशी हात पिवळे घेऊन आला. म्हणून श्री. उकंडराव काळबांडे यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. फ्लॅटचे कागद आणि किल्ली त्यांच्याकडे राहील.

परंतु त्यांच्याकडे काम मागायचे तर आधी त्यांचे देणे द्यावे लागेल, ते इथे देते.

दावा आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीचा होता. उकंडराव म्हणत, भिंत त्यांच्या हद्दीत आली. आम्ही कोर्टात शपथेवर नाही म्हटले. खरे असे आहे की, हद्दीवर दोरी ताणली की सेंटरिंगवाल्याने प्लेट दोरीच्या आत, आपल्या बाजूला लावायची असते. भिंत घातली त्या दिवशी यजमान घाईत होते. त्यांनी कॉलमच्या प्लेटा दोरीच्या पलीकडून लावल्या. प्लेटा काढल्या तेव्हा दोघांच्याही लक्षात आले. ते मला म्हणाले, "गोमती, कोनाले सांगू नोको. मिस्त्रीची दोरी चुकली म्हन्तीन तं काम कोन देईन?" मी सांगितले नाही. त्यांच्या मागेही दहा वर्षे सांगितले नाही, कारण तेवढीच त्यांची एक चूक होती आणि ती मी झाकली होती. भिंत चार बोटं उकंडरावांच्या हद्दीत होती. मी खोटी शपथ घेतली. मला माफ करा, भाऊ.

बिल्डरला दोन्ही जागा हव्या होत्या म्हणून आपण दावा काढून घेतला, आणि नकाशात पाहिले तर लिफ्ट नेमकी त्या भिंतीच्या जागी आली. लिफ्टच्या खड्ड्याचे काँक्रीट भरताना मी इंजिनिअरच्या मागे लागून माझ्याच प्लेटा लावायला लावल्या. दोरीचे एक टोक मी धरले, दुसरे धरायला चौकाच्या पलीकडे बसलेले तुम्ही न बोलावता तुमच्या खुर्चीवरून उठलात आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललात: "वयनी, दोरी ताना. ढिली राह्यली तं अजून सव्वीस वर्षं जातीन." मी तेव्हाच सांगणार होते. पण हसू आले आणि राहून गेले.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि ऑपरेशन नीट झाले तर हे कपाटात ठेवून मी खुर्ची घेऊन पुन्हा चौकात बसेन.

सही: गोमतीबाई धनसिंग आडे

साक्षीदार (आमच्या देखत सही केली):
१. ॲड. फरहा अन्सार शेख, वाशिम
२. चंदाबाई भीमराव खिल्लारे, परिचारिका, वाशिम

ठिकाण: वाशिम. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

व्यवस्थापकाची संमती (स्वतःच्या अक्षरात):
कलम पाच मी तीन डाव वाचलं. हेच आयकाले सव्वीस वर्षं कोर्टात जाऊन राह्यलो होतो. काम कबूल हाय. देवानंद हातापाया पडला तरी बायका वर गेल्याबिगर किल्ली देनार नाही. धनसिंग मिस्त्रीची दोरी चुकली हे माह्या तोंडून गावात कोनालेच समजनार नाही. सोमवारी अकोल्याले मी बी येतो. पन वयनी, भिंत चार बोटं नोयती, सहा होती.
— उकंडराव काळबांडे

वाचले. चारच.
— गो. ध. आडे