कोपनहेगनची गाडी फलाट तीनवर

शहादा, जि. नंदुरबार
रविवार, दुपारचं जेवण उरकून

चि. दामिनी हिला बापूचा आशीर्वाद, आणि नावामागे आता डॉक्टर लागलं आहे म्हणून त्या डॉक्टरला वेगळा नमस्कार.

तब्येत कशी आहे? तिकडे कोपनहेगनला चार वाजताच अंधार पडतो म्हणतेस, तर त्या अंधारात स्वेटरशिवाय फिरू नकोस. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचे गुडघे पूर्वीसारखेच (म्हणजे लग्नाला जायचं असलं की चालतात, मळ्यात जायचं असलं की नाही). हे पत्र हाताने लिहून एसटी स्टँडवरच्या भाईदासच्या मोबाइलवरून फोटो काढून पाठवतोय. पानं चार आहेत, आकडे घातलेत, क्रमाने वाच. परवा तू फोनवर विचारलंस की तिकडची नोकरी अजून तीन वर्षं वाढवून मिळतेय, मंगळवारपर्यंत होय-नाही कळवायचं आहे, बापू काय करू. त्यावर मी आवाज कटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज काही कटत नव्हता, चांगला स्वच्छ येत होता. मला उत्तर सुचलं नाही, एवढंच. कागदावर सुचेल म्हणून बसलोय, पण आधी श्रावणातल्या नागिणीचा खुलासा करणं भाग आहे. त्या प्रकारावरून बापू एकटे पडलेत असा अर्थ तू काढला आहेस आणि चालू नोकरी सोडायला निघाली आहेस, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे.

तर ऐक. उजव्या बरगडीवर फोड उठले तेव्हा शेजारच्या भिकुबाईने आधी गेरू लावला आणि नागिणीचं तोंड नि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस खलास, असं सांगून गेली. मी टेप घेऊन बसलो. (सकाळ-संध्याकाळ मोजायचो. भेटायला अजून सव्वीस इंच बाकी होते.) मग डॉक्टरने गोळ्या दिल्या, दिवसातून तीन, सात दिवस, आणि पाणी भरपूर प्या म्हणून बजावलं. गोळी अशी की बैलाला द्यावी. तिचं नाव मी तुला फोनवर वाचून दाखवलं तर तू केवढी खूश झालीस. म्हणालीस, बापू, हे तर माझ्याच अभ्यासातलं औषध. पुढे पाऊण तास बोलत होतीस. इतकं तर तू पहिली नोकरी लागली तेव्हाही बोलली नव्हतीस.

मला त्यातलं समजलं ते असं. आतड्याच्या भिंतीत ट्रान्सपोर्टर असतात. डाळ, दूध, अंडं पचून प्रथिनांचे दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे झाले की ते उचलून आत घ्यायचं त्यांचं काम. नागिणीचं जुनं औषध एकटं पाठवलं की बरंचसं वाया जायचं, म्हणून कुणा हुशार माणसाने त्याला प्रथिनाचा एक मणी जोडला. ट्रान्सपोर्टरला वाटतं हा आपलाच तुकडा, आणि तो दोघांना आत घेतो. आत गेल्यावर मणी सुटतो नि औषध मोकळं होतं. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. दिव्यांग प्रवाशाच्या साथीदाराला तिकिटात सवलत असते, तसला हा प्रकार. पास मण्याचा, प्रवास औषधाचा. हे सांगितल्यावर तू हसलीस आणि म्हणालीस, बापू, हे मी माझ्या वर्गात सांगणार. त्या कौतुकानेच माझा घात केला.

कारण नियंत्रक आधी सीटांचा विचार करतो. डाळीचे तुकडे नि माझी गोळी एकाच गाडीने जाणार, गर्दी झाली तर गोळी फलाटावर राहील, असा मी हिशेब मांडला. डाळ बंद, दूध बंद, मठाची म्हणजे मटकीची उसळ बंद. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो म्हणून तीही बंद. राहिली ज्वारीची भाकरी आणि केळी. (जेवणाने विशेष फरक पडत नाही असंही तू सांगितलं होतंस म्हणे. तेव्हा माझं लक्ष माझ्या उदाहरणात होतं.) एवढ्यावर भागलं असतं. पण तू किडनीचंही सांगून ठेवलं होतंस, की तिथेही याच जातीचे ट्रान्सपोर्टर असतात, आणि लघवीवाटे निघालेले प्रथिनांचे तुकडे नि तशाच घडणीची काही औषधं ते पकडून परत रक्तात आणतात. मी म्हटलं, परतीची गाडीही आहे तर. मग पाणी पिऊन औषधाला बाहेर ढकलायचं कशाला? मी दिवसाला दोन पेल्यांवर आलो आणि ते तुझ्यापासून लपवलं. मणी वाटेतच सुटलेला असतो, किडनीशी औषध एकटंच पोचतं आणि पास नसल्यामुळे परतीच्या गाडीत त्याला कोणी घेत नाही, हे मला नंतर कळलं. त्याने पाण्याबरोबर निघून जायचं असतं. पाणीच नाही म्हटल्यावर ते साचलं आणि माझ्या डोक्यात गेलं.

चौथ्या दिवशी मी खाकी शर्ट चढवून आपल्या स्टँडवर गेलो. (मला यातलं काही आठवत नाही, हे सगळं भाईदासच्या तोंडचं आहे.) भाईदास माझ्या हाताखाली शिकलेला, आता माझ्या जागेवर आहे. त्याने मान राखून खुर्ची दिली, आणि मी माईक ओढून पुकारा केला की तळोदा, अक्कलकुवा मार्गे कोपनहेगनला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. एक म्हातारी बोचकं उचलून खिडकीशी आली आणि विचारू लागली, "आन्ना, ही तळोदाले थांबस का?" मी म्हणे ठामपणे सांगितलं, थांबस. तीनदा पुकारलं. तिसऱ्यांदा वर सूचना दिली की प्रवाशांनी घरचा डबा बरोबर घ्यावा, तिकडे वरण मिळत नाही. मग भाईदासने मला रिक्षात घातलं, दवाखान्यात सलाईन लागलं, डॉक्टर मनसोक्त ओरडला आणि दोन दिवसांत मी ताळ्यावर आलो. त्या रात्री फोनवर तू मला किडनीचं समजावत होतीस की रडत होतीस, ते मला नीट कळलं नाही.

गावाला हसायला मिळालं. मला मात्र वाटतं की शुद्ध नसताना तोंडातून आलं ते काही खोटं नव्हतं. तुझी फार आठवण येते, बेटा. बैठकीतलं घड्याळ मी साडेचार तास मागे लावून ठेवलं आहे, म्हणजे तू उठलीस की निजलीस ते मान वर केली की कळतं. (त्यापायी तुझ्या नवलसिंगमामांची परतीची गाडी चुकली. ते अजून बोलत नाहीत.) पण याला एकटं पडणं म्हणत नाहीत. ही तुझी आई समोर बसली आहे, आणि एकटं पडण्याइतकी उसंत तिने मला कधी दिलेली नाही. तेव्हा माझं उत्तर असं की राहा. तीन वर्षं लिहून दे. आत न पोचणाऱ्या औषधांना वाट काढून देण्याचं काम तुला जमतंय आणि त्यात तुझं मन रमतंय, ते त्या पाऊण तासात मी ऐकलं आहे. माझी सगळी नोकरी लोकांना गाडीत बसवण्यात गेली. बसलेल्या माणसाला मी उतर म्हणून सांगणार नाही.

जेवत जा, पाणी पीत जा.

तुझा,
बापू (शांतीलाल)

ता. क. तुझ्या आईने पत्र वाचलं. तिचा निरोप असा: "तुन्हा बाप राहा म्हनीसन लिही ऱ्हायना, आनि सकायपासून चार कागद फाडी टाकात." हे खरं आहे. चारही कागदांवर उत्तर वेगळं होतं.

आणखी एक ता. क. हे तिला वाचायला दिलेलं नाही. गोळ्या चालू होत्या तेव्हा तू सकाळ-संध्याकाळ फोन करायचीस. बरगडी दुखायची थांबली त्यानंतरही नऊ दिवस मी तुला दुखतंय म्हणून सांगत राहिलो. फोड किती, रंग कसा, सगळं रचून सांगितलं आणि तू ते वहीत लिहून घेतलंस. ते खोडून टाक. आता मला काही झालेलं नाही आणि तुझा फोन रविवारचा रविवार येतो. नोकरीचं होय म्हणून कळव, त्यात बदल नाही. फक्त एवढं सांग, दामू, काही दुखत नसलं तरी रोज फोन करशील का?