पाणी कुठं मुरतंय

५ जानेवारी, सोमवार

आजपासून नोंद ठेवायची. संशय म्हणून नाही. मी संशयी नाही, हे नवऱ्यालाही माहीत आहे, फक्त तो कबूल करत नाही. मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात गळती तपासते. हवा भरायची, दाब बघायचा, काटा उतरला की माल परत. माणसांच्या बाबतीत मी याहून जास्त काही करत नाही.

कारण: खारूच्या जिम्नॅस्टिक्स क्लबने फीच्या वर आता ‘देखभाल निधी’ लावला आहे. दोन हजार, एकरकमी. खारू म्हणजे आमची मुलगी, वय आठ. कपाटावरून पलंगावर उड्या मारायची म्हणून खारूताई, आणि आता नुसतीच खारू. फी आहेच. कॉस्च्यूम क्लबकडूनच घ्यायचा. हाताला लावायची पावडर क्लबकडूनच. स्पर्धेची एंट्री वेगळी, पंचांच्या गाडीभाड्यातला वाटा वेगळा. आणि आता देखभाल. कशाची, ते नोटिशीत नाही. काउंटरवरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, हॉलची. हॉलला काय झालंय, विचारलं. म्हणाल्या, ते सरांना विचारा. टोलवाटोलवी.

निर्णय: खुलासा मिळेपर्यंत निधी भरायचा नाही. फी मात्र वेळेवर. २२ फेब्रुवारीला निवड स्पर्धा आहे, खारूचं नुकसान होता कामा नये.

९ जानेवारी, शुक्रवार

सरांनी स्वतःहून गाठलं. सर म्हणजे खारूचे कोच. एक गुडघा कामातून गेलाय, तरी दिवसभर उभे असतात. सहानुभूती मिळवायची पद्धत चांगली आहे. फार गोड आवाजात म्हणाले, मॅडम, तुम्ही गळतीच्या लाइनमध्ये आहात ना, सवडीने एकदा आत येता का, जरा दाखवायचं होतं.

निधी न भरणाऱ्या आईला एकटीला आत नेऊन काय दाखवणार? चहा पाजणार, खारूचं कौतुक करणार, पावती फाडणार. मी शांतपणे सांगितलं, जे दाखवायचं ते सगळ्यांसमोर दाखवा. त्यांचा चेहरा उतरला. खाई त्याला खवखवे.

२० जानेवारी, मंगळवार

पुरावा चालत घरी आला. जेवताना खारू सहज बोलून गेली की आज सर काकूंना सांगत होते, कुठंतरी पाणी मुरतंय, पण कुठं तेच कळत नाहीये.

माझा घास हातातच राहिला. म्हणजे खुद्द सरांनाच हिशेबाचा संशय आहे! आणि सांगतात कुणाला, तर काकूंना. चोराच्या हाती किल्ल्या. की सर मुद्दाम मुलांच्या कानावर पडेल असं बोलले? दोन्ही शक्यता उघड्या ठेवते.

नवरा म्हणाला, नळबिळ असेल एखादा. त्याला वाक्प्रचार कळत नाहीत. इंग्लिश मीडियम.

२४ जानेवारी, शनिवार

खारूचा कॉस्च्यूम मागून ओला. कुबट वास. विचारलं, तर म्हणे बीमवरून खड्ड्यात उडी मारली. बीम म्हणजे तोल सांभाळत चालायची उंच, अरुंद पट्टी, आणि हा खड्डा फोमच्या तुकड्यांनी भरलेला असतो. नवी उडी शिकताना मुलं त्यात पडतात म्हणून लागत नाही. फोममध्ये पडून कुणी ओलं होतं का, असं मी विचारलं. म्हणाली, “होतं गं आई.”

आठव्या वर्षी तोंडावर खोटं. हेही फीमध्येच शिकवत असावेत.

कापडही तपासलं. हलकं आहे, घाम धरून ठेवत असणार. म्हणजे लवकर कुजणार, म्हणजे दुसरा कॉस्च्यूम, तोही क्लबकडूनच. धंदा लक्षात आला.

१ फेब्रुवारी, रविवार

पालकांचा ग्रुप काढला. नाव ‘पारदर्शकता’. लाल हेल्मेटने विचारलं की यात मुलांचं नुकसान तर होणार नाही ना. लाल हेल्मेट म्हणजे स्कूटरवर येणारी एक आई. नाव विचारलेलं नाही. नाव विचारलं की ओळख वाढते, ओळख वाढली की मुलाला शाळेतून आणायची कामं येतात. मी लिहिलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. धडाधड अंगठे आले. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी निधी थांबवला, दोघांनी तर भरलेला परत मागितला.

नेतृत्व आपण घेत नाही, अंगावर येतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खड्ड्याभोवती दोरी बांधली. बंद. स्पर्धा सोळा दिवसांवर आणि आज बंद! बीमवरून उतरताना मारायची खारूची नवी उडी अजून बसलेली नाही, आणि खड्ड्याशिवाय सर ती मारू देत नाहीत. मान मोडेल म्हणे. निधी अडवला म्हणून मुलं ओलीस, हे शेंबडं पोरही सांगेल.

खारू संध्याकाळभर पलंगावरून उशांवर उड्या मारत होती. तिला जवळ घेऊन सांगितलं, घाबरू नकोस, रविवारी सभा आहे, आई सगळं बाहेर काढणार आहे. तिने विचारलं, पाणीसुद्धा? मी हो म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री

सभा झाली. तयारी चोख होती. आवाज जराही न चढवता म्हटलं, “आमचे पैसे राहू द्या बाजूला. या क्लबमध्ये पाणी कुठं मुरतंय, तेवढं सांगा.” टाळ्या पडल्या.

सर म्हणाले, “तेच तर शोधतोय, मॅडम. महिना झाला.”

मग सगळ्यांना खड्ड्याकडे नेलं. दोरी सोडली, वरचे तुकडे बाजूला केले. खालचा फोम काळा पडलेला, पिळला की धार. भिंतीच्या आत कुठंतरी पाइप गळतोय. कुठली भिंत फोडायची ते शोधणारा माणूस मशीनचे वेगळे पैसे मागतो, निधी त्यासाठी होता. नोटिशीत लिहिलं नाही, कारण गळतीचं कळलं की पालक मुलं काढून घेतात.

लाल हेल्मेटने सगळ्यांसमोर मला विचारलं, “अहो, तुम्ही गळतीच्याच लाइनमध्ये ना?”

खारूने माझा हात धरला होता. हळूच म्हणाली, “मी सांगितलं होतं ना, ओलं होतं.”

नोंद: मुद्दा मूळ माझाच बरोबर निघाला. पाणी मुरतच होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यातलं गळती शोधायचं यंत्र घेऊन गेले. एक पैसा घेतला नाही, हे इथे लिहून ठेवते. काकूंनी चहा आणला. तो निवायच्या आत जागा सापडली: बाथरूमच्या पाइपचा जॉइंट, खड्ड्याच्या बरोबर मागे. प्लंबर म्हणाला, महिन्यापूर्वी बघितलं असतंत तर फोम वाचला असता. प्लंबर कुणाच्या ओळखीचा आहे, ते बघायला हवं.

सरांनी नुसते हात जोडले. त्यामागे काय असावं, यावर विचार चालू आहे.

फोम सगळा फेकायचा. नव्याचा खर्च प्रत्येकी नऊ हजार. मी त्याच दिवशी भरले. पावती मागितली नाही. काकूंनी आपणहून दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

निवड स्पर्धा. खारू बीमवर चालली, वळली, एका पायावर उभी राहिली. तसूभर हलली नाही. शेवटी जिथे उडी मारायची तिथे नुसती उतरली, घरात पायरी उतरतात तशी. सहा मुली घेतल्या. ती सातवी.

मी नवऱ्याला म्हटलं, दुसऱ्या पंचांचं लक्ष नव्हतं, ते मोबाइल बघत होते, काहीतरी आहे. खारू म्हणाली, “नाही गं आई, बरोबर दिले मार्क. मी उडी मारलीच नाही.”

२ मार्च, सोमवार

नवा फोम येईपर्यंत हॉल बंद. ‘पारदर्शकता’वर सामसूम आहे. बहुतेक मला वगळून दुसरा ग्रुप निघालाय. शोध घेणार होते, राहू दिलं.

संध्याकाळी खारूच्या जाण्याच्या वेळेला सवयीने तिची पिशवी उघडली. कॉस्च्यूम काढला, उलटा केला, मागून चाचपून पाहिला.

कोरडा ठणठणीत.