मोठ्याने बोला

३ मार्च, मंगळवार

आज तुरुंगात भेटीला गेले तर तो उभाच. मध्ये जाळी, जाळीपुढे काच, बोलायला फोन. म्हटलं, बस ना. "नको." मग म्हणाला, "मी एकदाच सांगणार आहे आणि सगळं सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस."

नाही बोलले. फोन कानाला इतका दाबला की कान अजून दुखतोय.

लिफ्ट दुरुस्त करणारा माझा नवरा. एका इमारतीत लिफ्ट कोसळली, एक माणूस गेला. कंपनीने बोट याच्याकडे दाखवलं. खटला अजून उभाही राहिलेला नाही आणि हा आत. पहिले काही दिवस बरे गेले म्हणाला. मग रात्रपाळीच्या हवालदाराने त्याला मागच्या बराकीत हलवलं. तिथे एक जुना कैदी आहे, सगळे त्याला शेठ म्हणतात. हवालदार शेठची मर्जी राखतो. नवा माणूस आला की त्याला शेठच्या बाजूला झोपवायचं, कुलूप लावायचं आणि निघून जायचं.

"मी ओरडलो," म्हणाला. "तो दारापलीकडेच होता. मला त्याच्या बुटांचा आवाज येत होता. लांब जाताना."

एकदा नाही झालं. परत झालं.

झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा माणूस हा! दुकानदाराने सुटे कमी दिले तर "जाऊ दे" म्हणणारा. आणि आज माझ्या डोळ्यांत बघून हे सगळं बोलला. एकही शब्द गिळला नाही. मीच खाली बघत होते.

४ मार्च

दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. दोन फ्रेमींत अदलाबदल केली. मालकीणबाई रागावल्या नाहीत. माझं तोंडच तसं झालं असणार.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंना सांगितलं. आईला कळायला नको का? कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"झालं ते झालं. तोंड मिटून सुटून ये म्हणावं."

"आई, अहो, काय बोलताय!"

"खरं तेच बोलतेय. भिंतींना कान असतात म्हणतात ना? तुरुंगाच्या भिंतींना नसतात. बाहेरच्यांना मात्र असतात. अब्रू गेली की ती जामिनावर सुटून येत नाही."

आणि त्याचा शर्ट घडी करून कपाटात ठेवला. वर इस्त्रीसारखा हात फिरवला. बाई आहे की दगड!

१० मार्च, मंगळवार

तो तुरुंगाच्या मोठ्या साहेबांकडे गेला! स्वतःहून, वेळ मागून.

साहेबांनी उभं ठेवलं. याने सुरुवात केली, अर्ध्यावर साहेबांचा फोन वाजला. घराच्या गच्चीवरची टाकी गळते म्हणे. टाकीवर बोलून झालं, मग, "हां, काय म्हणत होतास?" याने परत पहिल्यापासून सांगितलं. साहेब हसले. "अरे, पुरुषासारखा पुरुष तू. पुरुषाचं काय जातं?" मग हळूच, "तक्रार करायची तर कर. बराक तीच राहील, एवढं लक्षात ठेव."

डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणे, "न्हाणीघरात पडलास ना?"

"नाही पडलो."

"अरे, पडलासच."

"डॉक्टर, मी पडलो तेव्हा तुम्ही होता का तिथे?"

हे सांगताना हसला. काचेपलीकडे, महिन्याभरात पहिल्यांदा! "आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरशी भांडलो बघ." मीपण हसले.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना, डॉक्टरला, चहा देणाऱ्यालासुद्धा. "इथे असंच असतं," हे वाक्य त्याला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलंय. एकाने तर सांत्वन म्हणून!

१३ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंकडे गेले. सरकारने दिलेल्या, फुकटच्या. म्हणून मी मनात धरूनच गेले होते की हं-हं करून वाटेला लावतील. बाईंनी दार लावून घेतलं, फोन उलटा ठेवला आणि सगळं ऐकलं.

"पुरुषांच्या अशा तक्रारी माझ्याकडे फारशा येत नाहीत," म्हणाल्या. "घडत नाही म्हणून नव्हे हो. पण कोर्टात त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. जमेल?"

मी म्हटलं, जमेल. जिना उतरताना तेच डोक्यात. जमेल का?

१६ मार्च, सोमवार

दुकान बंद करत होते तर तुरुंगातला एक शिपाई साध्या कपड्यात आला. फार गोड बोलला. "वहिनी, समजवा त्याला. वागणुकीचा अहवाल आमच्याकडूनच जातो. गप्प राहिला तर चांगला जाईल, जामीन चुटकीसरशी. उगाच घोडं कशाला अडवून धरता?"

खरं लिहू? मला मोह झाला. मला तो घरी हवाय. बस्स. जग गेलं खड्ड्यात.

१७ मार्च, मंगळवार

त्याला तसंच सांगितलं. ये घरी, मग बघू.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "मागच्या बराकीत परवा एक नवा आलाय. पोस्टातला कारकून. जाड भिंगाचा चष्मा. बूट घालून झोपतो."

"मग?"

"मग काय? मी गप्प बसून घरी आलो, तर तो ओरडत असेल तेव्हा मी तुझ्या हातची गरम पोळी खात असेन. उतरेल घशाखाली?"

मी भांडले. काहीबाही बोलले. म्हटलं, कारकुनाची बायको माझ्यासाठी काय करणार आहे? वेळ संपली, फोन आपोआप बंद झाला. तो ओठ हलवत होता, मला ऐकूच येईना. बसमध्ये तोंडाला पदर लावून रडले. पण रडताना काय वाटत होतं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू? वाटत होतं, हा माणूस माझा आहे. माझा!

२४ मार्च, मंगळवार

भेट बंद. "शिस्तभंग केलाय." काय केलं? "ते साहेबांना विचारा." साहेब बाहेरगावी.

२६ मार्च, गुरुवार

वकीलबाई त्याला भेटून आल्या. वकिलाला अडवता येत नाही. काय केलं ते कळलं एकदाचं!

याने बराकीतल्या एकेकाला गाठलं. म्हणाला, मारामारी नको, शिव्या नकोत. कुणीही ओरडलं की सगळ्यांनी फक्त ताटं वाजवायची. बहुतेकांनी खांदे उडवले. मग एका रात्री तो कारकून ओरडला. याने ताट उचललं आणि गजांवर आपटायला सुरुवात केली. एकटाच. थोडा वेळ एकटाच! मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने आपलं घेतलं. मग शेजारच्याने. मग सगळी बराक, मग पलीकडची. पार मोठ्या फाटकावरचे पहारेकरी धावत आले, बाहेरच्या रस्त्यावरच्या घरांतले दिवे लागले. निघून गेलेल्या हवालदाराला धापा टाकत परत यावं लागलं. कारकून वाचला.

शिक्षा एकालाच. याला एकट्याला कोठडीत टाकलंय.

"कसा आहे?" मी विचारलं.

"वाळलाय," बाई म्हणाल्या. "पण झोप लागते म्हणाला. कोठडीत एकटाच आहे ना."

ते ऐकून मला हसू आलं की रडू, अजून कळत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

कोर्ट. वकीलबाईंनी तक्रार दाखल केली होती, मोठ्या साहेबांनाही बोलावलं होतं.

न्यायाधीश वयस्कर, कमी ऐकू येणारे. तो बोलायला लागला आणि त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने बोला." असली गोष्ट, आणि मोठ्याने!

मग त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, हवं तर खोली रिकामी करतो. तो म्हणाला, "चालेल. पण माझी बायको राहू दे. आणि हे मोठे साहेबपण. मागच्या वेळी त्यांना मध्येच फोन आला होता, त्यांचं ऐकायचं राहिलंय."

साहेबांनी खिशातला फोन काढून बंद केला. मी पाहिलं!

मग तो बोलला. मोठ्याने. कोण, कुठे, कुलूप कुणी लावलं, कोण कसं निघून गेलं. न्यायाधीश दोनदा म्हणाले, "परत सांगा." त्याने दोनदा परत सांगितलं. आवाज चिरकला, पण थांबला नाही. सरकारी वकील म्हणाले, जामीन मिळावा म्हणून ही कहाणी रचली. तो म्हणाला, "गप्प बसलो असतो तर जामीन केव्हाच मिळाला असता, साहेब. तशी सोय करून देत होते मला." वकीलबाईंनी लगेच त्या शिपायाचा विषय काढला. मी उभी राहिले, सांगितलं. माझाही आवाज निघाला!

हुकूम झाला. हवालदारावर आणि शेठवर गुन्हा. बाहेरच्या दवाखान्यात तपासणी. याला आजच दुसऱ्या तुरुंगात हलवायचं, कारकुनालाही. मोठ्या साहेबांनी तक्रार दाबली का, याचा जबाब त्यांनी स्वतः येऊन द्यायचा. जामिनाचं पुढच्या तारखेला.

गाडीत चढताना मागे वळून म्हणाला, "नीट बोललो ना मी?" जसा काही नोकरीच्या मुलाखतीहून आलाय!

म्हटलं, "पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल."

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी सासूबाईंनी चहा पुढे ठेवला. विचारलं, "मान खाली घालून बोलला, की वर?"

"वर."

माझ्या कपात साखर ढवळली. मग म्हणाल्या, "त्याच्या बापाला पुढे जन्मभर मान वर करता आली नाही. तेही होते त्याच तुरुंगात, हा पोटात असताना. घरी येऊन एकदाच सांगायला लागले होते. गप्प बसा, असं त्यांना मीच म्हटलं."

आणि उठता उठता, "पुढच्या तारखेला मला घेऊन चल. पुढच्या बाकावर बसायचंय."