थॉर्नस्केलांच्या पुस्तकातलं सोळावं पान

यॉर्कशायर, ऑक्टोबर १९६२

विल्फ्रेडकाका,

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही आपल्या आडनावाच्या इतिहासाचं पुस्तक वाटलंत. अख्ख्या इंग्लंडमध्ये थॉर्नस्केल आडनावाची आपण जेमतेम वीस माणसं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आपला मूळपुरुष कुणी सरदार होता. चर्चच्या जुन्या नोंदवहीत मात्र थॉर्नस्केल नावाच्या माळावर मेंढ्या राखणारा एक गडी आहे. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटली ती सोळाव्या पानाची. तिथे आजोबांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, तुम्ही एमॉसचा मुलगा करून टाकलंत. एमॉसला मूलबाळच नव्हतं. आजोबा त्याच्या बहिणीचे, हेस्टरचे. तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणून तिचं आडनाव त्यांना लागलं आणि आज ते तुमच्या दारावर आहे.

"काका, हेस्टर पणजी कुठाय यात?" मी विचारलं.

"अगं, चहा घे. चांगल्या घरच्या मुली चारचौघांत असलं विचारत नाहीत."

सगळे हसले. बाबा केक चिवडत बसले. तुम्हाला लहानाचं मोठं तिनं केलं, काका! आणि मीही निमूट चहा घेतला, त्याचा राग अजून जात नाही.

मार्चमध्ये मला मूल होईल. त्यालाही आईचंच आडनाव लागेल. घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र आज टाकत नाही. मुलगी झाली तर मात्र तिचं नाव हेस्टर ठेवीन, आणि तुमच्या मांडीवर आणून देईन.

तुमची पुतणी,
आयव्ही थॉर्नस्केल