भिंतीकडे तोंड करून दिलेलं मत

१४ मे

प्रिय लवंगी,

तुझं पत्र काल मिळालं. मामाकडे तुझी मजा चालली आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे ठीक. आईने तुझी चौकशी केली आहे आणि मामींना नमस्कार सांगितलाय.

सुट्टीतही बँडचा सराव सुरूच आहे. ट्यूबाचा, त्या मोठ्या पितळी भोंग्याचा, आवाज आठवडाभर घोगरा येत होता. सर म्हणाले, "आता हा बदलावाच लागणार." परवा उलटा केला तर आतून एक मोजा पडला. ट्यूबावाल्यांनी आपापले पाय दाखवले, मोजा कुणाचाच नाही. ट्रॉम्बोनची नळी पुन्हा पुढच्या बासरीवालीच्या वेणीत अडकली, आणि जिथे हळू लिहिलंय तिथे ट्रम्पेटवाले नेहमीप्रमाणे शाळेचं छप्पर उडवतात. झांजवाल्याला अख्ख्या धुनेत दोनदाच वाजवायचं असतं. त्यातलं एकदाचं तो विसरला, आणि सर "छान, आता सगळे शांत बसा" म्हणाले तेव्हा त्याला ते आठवलं. सर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

आता तुझ्या पत्राबद्दल. "त्या दोघी माझ्यावर उलटल्या, तू एकटीच माझी. तूही बँड सोड, बघू दे त्यांना," असं तू लिहिलंस. मी बँड सोडणार नाही. का, ते लिहायला कालपासून बसतेय आणि दर वेळी मोज्याचीच गोष्ट लिहून होते.

त्या दिवशी पहिल्या खुर्चीसाठी, म्हणजे गटाची मुख्य वादक ठरवायला, तू आणि यंदा आलेली नवी वाजवणार होतात. आपल्या क्लॅरिनेटच्या गटातल्या उरलो तिघी: उंच ताई, फुंकणी आणि मी. सरांच्या नियमाप्रमाणे आम्ही भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभ्या. आधी कोण वाजवणार ते आम्हाला सांगायचं नाही. दोघींचं ऐकायचं आणि जिचं आवडलं तिच्यासाठी हात वर करायचा. दोन मतं नवीला पडली, एक तुला. ते एक माझं, असं तू धरून चाललीस.

ते माझं नव्हतं.

कोण वाजवतंय ते मला कळलं नाही, असंही नाही. सुरू करायच्या आधी तू नाक ओढतेस, ते मी चौथीपासून ऐकतेय. मग तू वाजवलंस आणि जलद भागात पळत सुटलीस. जिथे श्वास घ्यायचा तिथे घेतला नाहीस, शेवटचा सूर अर्धाच सोडलास. तू घरी सराव केलाच नव्हतास, लवंगी. आदल्या संध्याकाळी "ती काय मला हरवणार" म्हणत तू माझ्याबरोबर गच्चीवर गप्पा मारत बसली होतीस, आणि मीही तुला उठवलं नाही. नवीचा आवाज बारीक आहे, पण एकेक सूर जागच्या जागी होता. मी तिच्यासाठी हात वर केला.

तुझं एक मत फुंकणीचं होतं. तिलाच तू सगळ्यांसमोर अस्तनीतला निखारा म्हणालीस. ती मूग गिळून गप्प बसली, कारण तिने तोंड उघडलं असतं तर माझं मत उघडं पडलं असतं. परवा मला हे सांगताना ती रडली. म्हणाली, "तूच सांग तिला, माझ्यावर नाही विश्वास बसायचा." आता ती सराव संपला की कुणाशी न बोलता घरी जाते. आणि मी मात्र तुझं "तू एकटीच माझी" वाचून खूश झाले. मला ते आवडत होतं, याचीच जास्त लाज वाटते.

दुसरी खुर्ची सरांनी तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. नवी तिच्यावर कुणाला साधी वहीसुद्धा ठेवू देत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या खुर्चीसाठी पुन्हा वाजवता येईल. तू वाजव. तेव्हाही मी ऐकूनच हात वर करीन, तुझ्यासाठी म्हणून नाही. आधी फुंकणीला मात्र दोन ओळी लिही.

खाली मी 'तुझीच' लिहितेय. तुला खोडायचं असेल तर तू खोड. मी खोडणार नाही.

तुझीच